वाईचे घाट आणि आक्काचे देव

महाबळेश्वर-पांचगणीस हवा खाण्यासाठीं जाणाऱ्या मंडळींपैकीं पुष्कळांनीं वाई पाहिलेली असते ती मोटारीच्या कांचेंतून. पुण्याहून सकाळीं निघावें, खंबाटकीचा घाट ओलांडावा, सुरूरच्या फांट्यावर सातारचा हमरस्ता सोडून उजवीकडे वळावें, वाईच्या बाजारांत कपभर चहा घ्यावा आणि पसरणीचा घाट चढूं लागावें, असा हा रिवाज आहे. ज्यांना थोडी अधिक सवड असते ते ढोल्या गणपतीचें दर्शन घेतात, घाटावर उभे राहून एकमेकांचीं छायाचित्रें काढतात व अर्ध्या तासांत पुन्हां वाटेला लागतात. परंतु गेल्या माघांत आम्हां उभयतांस वाईस पांच दिवस राहण्याचा योग आला, आणि त्या पांच दिवसांत जें पाहिलें त्यापैकीं कांहीं वाचकांपुढें ठेवावें असें वाटतें. प्रवासवर्णन म्हणावें तर यांत प्रवास थोडा आहे. स्थलवर्णन म्हणावें तर एका वृद्ध बाईचें घर त्यांत वारंवार आड येतें. वाचकांनीं तेवढें चालवून घ्यावें.

महाबळेश्वरीं उगम पावणारी कृष्णा डोंगर उतरून सपाटीस लागली कीं थोड्याच अंतरावर वाई येते. येथें नदी अजून लहान आहे. पुढें माहुलीस वेण्णा आणि कऱ्हाडास कोयना मिळाल्यावर तिला जी भारदस्त रुंदी येते ती येथें शोधूनहि सांपडावयाची नाहीं. तरी या लहानशा नदीसाठीं गांवानें दगड घडविण्यांत कसूर केलेली नाहीं. भीमकुंड, मधली आळी, गणपति आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, गंगापुरी अशा सात ठिकाणीं घाट उतरले आहेत, आणि प्रत्येक घाटाला आपापला कृष्णाबाईचा उत्सव आहे. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळीं केलेल्या नवसांतून हा उत्सव निघाला असें गांवांत सांगतात. खान हा आदिलशाहीचा वाईचा सुभेदार होता. त्यामुळें १६५९ सालचा प्रतापगडचा प्रसंग वाईकरांच्या दृष्टीनें कोठल्या तरी दूरच्या मुलुखांतली वार्ता नव्हती. थंडी सरतां सरतां या उत्सवांना आरंभ होतो. घाटावर मांडव पडतो, कृष्णाबाईची मूर्ति बसते, कीर्तनें होतात, प्रसादाच्या पंक्ति उठतात. नदीच्या कांठीं नदीचीच मूर्ति करून तिला साडीचोळी नेसवावी, तिची ओटी भरावी, आणि पलीकडे दहा पावलांवर खुद्द ती आपली वाहत असावी, या प्रकाराचें मला लहानपणीं फार नवल वाटे. आजहि वाटतें.

गणपति आळीच्या घाटावरील देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं १७६२ सालीं बांधिलें. आंतील मूर्ति एवढी प्रशस्त आहे कीं ‘ढोल्या’ हें तिचें लाडकें नांव कोणासहि उद्धटपणाचें वाटत नाहीं. देवापुढें हात जोडणारे पुष्कळ असतात. माझी विनंति अशी कीं, पुढच्या खेपेस वाचकांनीं देवळाला वळसा घालून त्याची मागची भिंत अवश्य पाहावी. ती सरळ नाहीं. माशाच्या तोंडासारखी ती निमुळती होत गेली आहे. पूर आला म्हणजे पाण्याचा लोंढा त्या टोंकावर दुभंगतो आणि दोहों अंगांनीं निघून जातो. नदीला अडवावें असा विचार बांधणाऱ्यानें केलेला दिसत नाहीं. ती येणार, आणि पुन्हां पुन्हां येणार, हें धरूनच त्यानें दगडावर दगड रचला आहे.

या बांधकामाचें साल माझ्या मनांत घोळत राहतें. १७६२ म्हणजे पानिपताच्या पुढचेंच वर्ष. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या रास्त्यांच्या घरच्या. १७६१ च्या जानेवारींत त्यांचा विश्वासराव पानिपतावर पडला आणि त्याच वर्षीं जूनमध्यें पति गेले. पुढें १७७२ सालीं माधवराव क्षयानें गेला, आणि १७७३ सालीं नारायणराव शनिवारवाड्यांत मारला गेला. बारा-तेरा वर्षांत पति आणि तीन मुलगे गमावलेल्या त्या बाईच्या करारी स्वभावाविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. तिच्या माहेरच्या या भिंतीविषयीं मात्र फारसें कोणी बोलत नाहीं. महाराष्ट्रांत घरोघर सुतक असतां तिच्या माहेरचीं माणसें नदीच्या कांठीं उभीं राहून पाणी कोठवर चढतें, कोणत्या अंगानें येतें, याचा हिशेब करीत होतीं. कोणी तरी पाथरवट त्या टोंकाचा दगड पुन्हां पुन्हां गुण्यांत धरून पाहत असेल. त्याचें नांव कोठें नाहीं.

आणि आतां तो पूरहि पूर्वींसारखा राहिलेला नाहीं. वाईच्या वर सात-आठ किलोमीटरांवर धोम येथें सत्तरच्या दशकांत धरण झालें. खोऱ्यांतील कांहीं गांवें त्या पाण्याखालीं गेलीं, माणसें दूरदूर वसविलीं गेलीं. खालच्या कोरड्या शिवारांना कालव्यांनीं पाणी मिळालें, तेथें ऊंस उभा राहिला. ज्यांचें त्या पाण्यानें भलें झालें त्यांच्यापुढें नदीच्या आठवणींचे उसासे टाकणें मला शोभणार नाहीं. परंतु घाटावर बसणाऱ्याला फरक कळतो. धरणापूर्वींच्या दिवसांत मी शाळेच्या सुटीत येथें येत असें, तेव्हां आक्का अंथरुणांतूनच नदीचा आवाज ऐकून सांगे, ‘‘वर झोडपतोय मेला. उद्यां पांचव्या पायरीवर बसायचें, खालीं उतरायचें नाहीं.’’ आणि सकाळीं पाणी बरोबर सहाव्या पायरीशीं असे. हल्लीं धरणाचे दरवाजे किती उघडले तें मोबाइलवर कळतें. घरोघर नळ आल्यावर पिण्याच्या पाण्याची घागर घेऊन घाटावर कोणी येईनासें झालें. खालच्या पायऱ्यांवर हिरवें शेवाळ धरतें, आणि तेथें उतरणाऱ्याला पाय जपून टाकावा लागतो.

आमच्या जाण्याचें कारण या आक्काचेंच होतें. आक्का म्हणजे माझी थोरली आत्या. मधल्या आळींतील एका वाड्यांत दोन खोल्यांत तिनें साठांहून अधिक वर्षें काढलीं. यजमान शाळामास्तर, ते लौकर गेले. मूलबाळ नव्हतें. वाती वळणें, वस्त्रमाळा करणें, मेतकूट-भाजणी करून देणें, यांवर तिनें आपला चरितार्थ चालविला, आणि माहेरचें किंवा सासरचें कोणी ‘‘आमच्याकडे चल’’ म्हणालें तर ‘‘कृष्णाबाईला कुणाच्या स्वाधीन करूं?’’ असें म्हणून ती हंसे. गेल्या आषाढांत नव्वदी ओलांडून ती तीन दिवसांच्या तापानें गेली. अमेरिकेंत बोस्टनजवळ राहणारा तिचा पुतण्या तातडीनें आला, त्यानें दिवसवार यथासांग केले व तो परतला. आतां मालकांनीं वाडा उतरवून तेथें इमारत बांधण्याचें ठरविलें होतें. मालक भले गृहस्थ. त्यांनीं घाई केली नाहीं. फाल्गुनअखेर खोल्या रिकाम्या कराव्या एवढेंच त्यांचें म्हणणें होतें, आणि तें काम आमच्याकडे आलें.

दोन खोल्यांचा संसार आवरावयास दोन दिवस पुरतील असा आमचा अंदाज होता. पांच लागले. सामान थोडें होतें, पण जें होतें तें इतकें जागच्या जागीं होतें कीं हात घालावयास धीर होईना. सुतळीचे तुकडे लांबीप्रमाणें वेगळे बांधलेले. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून केलेली हिशेबाची वही. सांडगे, मेथकूट, आमसुलें, प्रत्येक बरणीवर मराठी महिना घातलेला. जेथें ती दुपारीं बसे तेथें भिंतीला टेकून सूप उभें होतें.

त्या सुपाविषयीं सांगितलेंच पाहिजे. दुपारीं जेवण आटोपल्यावर आक्का दुसऱ्या दिवसाचे तांदूळ निवडावयास बसे. तेवढा वेळ ती बोलत नसे. कोणी बोललेंच तर मान हलवी, पण बोटें चालत राहत. बाजारांत निवडलेले, पिशवीबंद तांदूळ येऊं लागून कैक वर्षें झालीं तरी हा क्रम चुकला नाहीं. एकदां माझी पत्नी तिला म्हणाली, ‘‘आक्का, यांत खडा औषधालासुद्धां मिळायचा नाहीं. कशाला डोळे शिणवतां?’’ त्यावर तिनें वर न पाहतां म्हटलें, ‘‘खडे नसतील. तांदूळ तर आहेत ना?’’

आक्काला तत्त्वज्ञान सांगण्याची हौस नव्हती, आणि कोणी सांगूं लागलें तर ती त्यांतली नेमकी लंगडी बाजू पकडी. लग्नमंडपांत ‘सावधान’ हा शब्द कानीं पडतांच समर्थ रामदास बोहल्यावरून निघून गेले, ही कथा सातारच्या मुलखांत लहान पोरासहि ठाऊक आहे. आम्हीं मुलांनीं ती तिच्यापुढें मोठ्या आवेशानें सांगितली तेव्हां तिनें एवढेंच विचारलें, ‘‘आणि अंतरपाटाच्या पलीकडे जी उभी होती, तिचें पुढें काय झालें रे?’’ आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. ती म्हणाली, ‘‘बघा. सावधान तिलाहि म्हटलें होतें.’’

तिच्या पुतण्याच्या कचेरींत अलीकडे लोकांना स्वस्थ बसवून श्वासाकडे लक्ष द्यावयास शिकवितात. त्यास तिकडे ‘माइंडफुलनेस’ म्हणतात, आणि तिकडच्याच मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रांत जॉन कबात-झिन यांनीं १९७९ सालीं मनाचा ताण हलका करण्यासाठीं या अभ्यासाचा वर्ग सुरू केला, तेव्हांपासून त्याचा प्रसार वाढत गेला. त्या अभ्यासांत एकच मनुका हातांत घेऊन बराच वेळ न्याहाळावयाचा, त्याचा वास घ्यावयाचा, मग सावकाश जिभेवर ठेवावयाचा, असा एक पाठ आहे. पुतण्यानें फोनवर हा प्रकार आक्काला मोठ्या भक्तीनें वर्णून सांगितला. तिनें सर्व ऐकून घेतलें आणि काळजीनें विचारलें, ‘‘शेवटीं खाल्लास ना? कीं टाकलास?’’

मला स्वतःला या थट्टेंत सामील होतां येत नाहीं. कारण तो शब्द आपल्याच घरून तिकडे गेला आहे. पालींत ‘सति’ म्हणून जो शब्द बौद्ध ग्रंथांत वारंवार येतो त्याला राइस डेव्हिड्स यांनीं १८८१ सालीं आपल्या इंग्रजी भाषांतरांत ‘माइंडफुलनेस’ हा प्रतिशब्द योजिला, आणि तोच रूढ झाला. ‘सति’चें संस्कृत रूप ‘स्मृति’. अष्टांगिक मार्गांतील सातवें अंग तें सम्यक् स्मृति. आतां स्मृति म्हणजे आपण तर आठवण समजतों. जें आतां हातांत आहे त्याच्याकडे लक्ष देणें आणि जें हातून गेलें त्याची आठवण ठेवणें, या दोन गोष्टींस जुन्या लोकांनीं एकच शब्द कां ठेविला असावा? ज्या गांवांत केवलानंद सरस्वतींच्या प्राज्ञपाठशाळेंतून धर्मकोशाचा पहिला भाग १९३७ सालीं बाहेर पडला, आणि ज्या गांवांत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखालीं मराठी विश्वकोश सिद्ध झाला, तेथें एका शब्दापायीं दुपार घालविली तर कोणी हंसणार नाहीं, असें समजून मी सूप मांडीवर घेऊन विचार करीत बसलों. मला सांपडलें तें इतकेंच: आक्काच्या ज्या गोष्टी मला आज बारीकसारीक तपशिलानिशीं आठवत होत्या, त्या सर्व तिनें लक्ष देऊन केलेल्या होत्या. तिचीं मोठीं दुःखें, यजमानांचें जाणें, पैशाची ओढाताण, यांचें चित्र माझ्याजवळ नाहीं. वात वळतांना तळहाताला लावलेलें दुधाचें बोट मात्र स्पष्ट दिसतें.

देव्हारा आम्हीं पहिल्याच दिवशीं उघडला होता. सात महिने बंद असलेली खोली. धूळ, जाळीं, काळवंडलेलें पितळ यांची आम्हीं तयारी ठेवली होती. दार उघडून पाहतों तों समईंत तेल, ताम्हन घांसलेलें, शंख पालथा घातलेला. बाळकृष्ण, गणपति, बाण, शाळिग्राम, सर्व आपापल्या जागीं. अन्नपूर्णा एका लहान वाटींत तांदळावर बसलेली. ही अन्नपूर्णा आमच्या घरची. लग्नांत गौरीहरापाशीं पूजून आमच्या आजोबांनीं लेकीबरोबर दिलेली. पत्नीनें वाटी खिडकीशीं नेऊन पाहिली आणि ती हळूच म्हणाली, ‘‘तांदूळ ताजे आहेत. आणि निवडलेले आहेत.’’

उलगडा संध्याकाळीं झाला. वाड्याच्या मागच्या बोळांत एक कुटुंब राहतें. घरधनी रिक्षा चालवितात; बाई हळदीच्या हंगामांत मजुरीस जाते. वाईकडे हळद पुष्कळ होते, आणि माघ-फाल्गुनांत ती काढणें, शिजविणें, वाळविणें यांची एकच धांदल असते. बाई कामावरून परतली तीच आमच्या दाराशीं आली. हात कोपरापर्यंत पिवळे. आंत न येतां उंबऱ्याबाहेरूनच बोलूं लागली.

‘‘किल्ली माझ्याकडंच व्हती, दादा. आक्कांना दवाखान्यात न्यायच्या आदी त्या म्हणाल्या, तांदूळ तेवढं शुक्रवारी बदलत ऱ्हा. म्हणलं बदलावं. मग दिवा बी लावाय लागले. मंत्र-बिंत्र मला येत न्हाईत हां.’’

‘‘आणि कामावर केव्हां जातां?’’ पत्नीनें विचारलें.

‘‘सातला टेम्पो येतो. त्याच्या आदी उरकते.’’ मग थोडें थांबून, ‘‘काय चुकलंमाकलं असंल तर सांगा, वैनी.’’

तिसऱ्या दिवशीं दुपारीं आम्ही मेणवलीस गेलों. वाईहून तें अगदीं जवळ. नाना फडणीसांचा वाडा, त्याच्या मागें कृष्णेचा घाट. ‘स्वदेस’ हा २००४ सालचा चित्रपट ज्यांनीं पाहिला असेल त्यांनीं हा घाट पाहिलाच आहे. वाड्याचें वर्णन मी करीत नाहीं. तें पुष्कळांनीं केलें आहे. घाटावर मेणेश्वराच्या देवळाजवळ एक मोठी घंटा टांगली आहे, ती मात्र आम्हीं निवांत पाहिली. १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं पोर्तुगीजांपासून वसई घेतली. तेथील ख्रिस्ती देवळांतील कित्येक घंटा मग देशावर आल्या. भीमाशंकरास एक आहे, नाशिकास नारोशंकराची म्हणून एक प्रसिद्ध आहे, आणि ही मेणवलीची. तिच्या अंगावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृति आहे. ज्या ओतकारानें ती आकृति उठविली त्याच्या मनांत कृष्णाकांठ स्वप्नांतहि नसणार. जिंकून आणली तेव्हां ती विजयाची खूण असेल; आम्हीं पाहिली तेव्हां शाळा सुटलेला एक मुलगा उड्या मारून तिचा लोलक हलवूं पाहत होता, आणि त्याची धाकटी बहीण ‘‘मला उचल, मला उचल’’ म्हणून रडत होती. शेवटीं मीं तिला उचललें. नाद खोल आहे आणि पाण्यावरून बराच दूर जातो.

तेथेंच पायरीवर बसून पत्नीनें तो विषय काढला. ‘‘देवांचें काय करायचें?’’

हा प्रश्न आपल्या घरांतून आतां वारंवार निघूं लागला आहे. वाचकांपैकीं अनेकांवर तो येऊन गेला असेल. भांडीं वांटतां येतात, पुस्तकें ग्रंथालयास देतां येतात, दागिन्यांविषयीं भांडतां तरी येतें. देवांसंबंधीं कोणी भांडत नाहीं. प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहतो. कारण देव घेणें म्हणजे नेम घेणें. न्यायानें पाहतां अन्नपूर्णेखेरीज सर्व देव पुतण्याचे. अन्नपूर्णेवर आमचा हक्क. मी म्हणालों, आपण सर्वच पुण्यास नेऊं, पुढचें पुढें. पत्नी बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, ‘‘आपल्याकडे सकाळची पूजा नातवाच्या शाळेच्या बसवर ठरते. आणखी पांच देव नेऊन त्यांनाहि धांवत-पळत अंघोळ घालायची का?’’

रात्रीं पुतण्यास फोन लाविला. त्याच्याकडे सकाळ होती. त्यानें देव्हारा दाखवावयास सांगितलें. मीं मोबाइल समईजवळ धरला. ‘‘जरा खालीं,’’ तो म्हणाला, ‘‘अन्नपूर्णेची वाटी.’’ वाटी पाहून तो स्तब्ध राहिला. मग म्हणाला, ‘‘काका, मी इकडे नेले तर शोभेच्या कपाटांत राहतील. चांगले राहतील, पण कपाटांत राहतील. तुम्हीं ठरवाल तें मला मान्य.’’

मुलाला आपलें मन ठाऊक होतें. तरी माझें समाधान होईना. परक्या घरीं, आपल्या कुळाचे देव? माझ्या पिढीच्या माणसाला हा शब्द, ‘परकें’, किती सहज सुचतो! दुसऱ्या दिवशीं सकाळीं आळींतील एका वृद्ध गुरुजींकडे गेलों. आक्काकडची श्रावणी-सत्यनारायण त्यांच्याच हातचीं. मीं सविस्तर हकीगत सांगितली. कूळ, गोत्र, शास्त्रार्थ काय, देव विसर्जन करावे काय, देवळांत द्यावे काय, असे माझे प्रश्न मांडले. गुरुजी सुपारी कातरीत होते.

‘‘सात महिने दिवा कोणी लावला?’’

मीं सांगितलें.

‘‘मग मला काय विचारतां?’’ असें म्हणून त्यांनीं सुपारीचें खांड माझ्यापुढें केलें. थोड्या वेळानें ते म्हणाले, ‘‘बाण आणि शाळिग्राम मजकडे द्या. माझ्याकडे रोज अभिषेक असतो, त्यांत दोन अधिक. त्या बाईला तेवढी तोशीस नको. सातला टेम्पो येतो म्हणालां ना?’’

शास्त्रार्थ असा दोन वाक्यांत संपला. बाईस विचारलें तेव्हां ती प्रथम घाबरली. आपलें घर लहान, त्यांत मांसमच्छी होते, सणावाराला पाहुणे येतात. हें सारें तिनें आपणहून सांगितलें. पत्नीनें तिला विचारलें, ‘‘आक्कांना हें ठाऊक नव्हतें का?’’ ‘‘व्हतं की,’’ ती म्हणाली, ‘‘त्यांनीच सांगितलं, त्या दिवशी देव्हाऱ्याला पडदा लाव.’’ म्हणजे ही व्यवस्था आक्कानें आमच्या फार आधीं, पडद्यासकट, ठरवून ठेविली होती. आम्ही आपले पांच दिवस शास्त्र धुंडाळीत होतों.

शेवटच्या दिवशीं सकाळीं रिक्षावाल्या यजमानांनीं भिंतीत दोन खुंट्या मारून फळी बसविली. देव्हारा त्यांनीं आणि मीं मिळून बोळांतून नेला. आळींत उत्सवाच्या मांडवाचे वांसे उतरविण्याचें काम चाललें होतें, त्यांतून वाट काढावी लागली. काम करणारे दोघे-तिघे बाजूस झाले, त्यांनीं पायांतल्या वहाणा काढल्या, आणि आम्ही पुढें गेल्यावर पुन्हां वांसे उचलले. पत्नीनें अन्नपूर्णेची वाटी पदराखालीं धरून आणली होती. ती जागेवर ठेवतांना तिचा हात क्षणभर थांबला. आमच्या आजीच्या हातून गेलेली ती मूर्ति, नंतर आक्काच्या, आतां तिसऱ्या हातीं. बाईनें हात धुतले होते, पण हळदीचा रंग कांहीं निघाला नव्हता.

मोटारींत बसण्याच्या वेळीं ती धांवत आली. तिच्या हातांत वर्तमानपत्राची पुडी होती.

‘‘वैनी, काल शुक्रवार. बदललं. आदीचं तांदूळ आक्का भातात घालायच्या, म्या बी तसंच करते. ह्या येळचं तुमास्नी.’’

येतांना खंबाटकीचा बोगदा लागतो, घाट लागत नाहीं; त्यामुळें प्रवास लौकर संपतो. दुसऱ्या दिवशीं दुपारीं जेवणें आटोपल्यावर पत्नीनें ती पुडी सुपांत सोडली. मूठभरच तांदूळ होते. ती निवडावयास बसली, आणि मीं कांहीं विचारलें तेव्हां तिनें नुसती मान हलविली.